काष्ठाचे वय आणि वस्तूचे मोल

जुन्या लाकडी वस्तूचे वय किती आणि तिचे मोल किती, हे दोन प्रश्न व्यवहारात एका दमात विचारले जातात, आणि पहिल्याचे उत्तर हाती आले की दुसऱ्याचे त्यातूनच निघेल असे गृहीत धरले जाते. नागपूरच्या महाल भागातील एखादा वाडा उतरवला जातो, तेव्हा त्यातून निघालेला देव्हारा, संदूक, शिसवी पलंग किंवा कोरीव चौकट यांच्याभोवती जमलेले वारसदार, दलाल आणि संग्राहक याच गृहीतावर बोलत असतात. वय हा ज्ञानाचा विषय आहे, कारण ते पुराव्यांनी ठरते किंवा ठरत नाही. मोल हा संबंधाचा विषय आहे, कारण ते कोणाच्या तरी लेखी असते. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक प्रश्न उभा असतो व तो क्वचितच विचारला जातो, तो असा की जिचे वय आणि मोल ठरवायचे, ती वस्तू नेमकी कोणती.

विदर्भात लाकडाविषयीचा विचार उपरा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवान आणि बल्लारपूरचे लाकूड आगार यांची कीर्ती जुनी आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी नागपूरचे सागवान गेले आणि २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा त्याचे विधिपूर्वक काष्ठपूजन होऊन मिरवणूक निघाली. दार अजून घडलेले नव्हते आणि पूजा मात्र आधीच झाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तूला आकार येण्यापूर्वीही लाकडाला स्वतःचे चरित्र असते, हा विचार भारतीय परंपरेत फार पूर्वीपासून आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्या आणि आसने यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे; त्यात पलंगासाठी व आसनासाठी योग्य वृक्षांची यादी असून शाक, म्हणजे आजचा साग, तीत आहे. परंतु त्या अध्यायातील खरा लक्षणीय भाग वर्ज्य वृक्षांचा आहे. विजेने, वादळाने किंवा हत्तीने पाडलेला, पाखरांची घरटी वा मधाची पोळी असलेला, स्मशानात उगवलेला वृक्ष शय्येसाठी घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. लाकूड तेच, त्याची घनता तीच, तरीही झाड कोठे वाढले आणि कसे पडले यावर पलंगाची योग्यता अवलंबून आहे. शुभाशुभाच्या कल्पना बाजूला ठेवल्या तरी वस्तूची योग्यता तिच्या दृश्य गुणांत संपत नाही आणि तिच्या मागचा इतिहास तिच्यात मोजला जातो, एवढे तत्त्व त्यातून शिल्लक राहते. आजचा संग्राहक वस्तूची पूर्वपीठिका विचारतो, तेव्हा तो नकळत हाच प्रश्न विचारत असतो.

आता वयाच्या पुराव्यांकडे वळता येईल. न्यायशास्त्राच्या परिभाषेत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे किंवा लेखाचे सांगणे, ही येथे उपयोगी पडणारी प्रमाणे होत. लाकडाच्या बाबतीत प्रत्यक्ष फार थोडे देते, कारण काळसर रंग आणि गुळगुळीत कडा या वयानेही येतात आणि रंगद्रव्याने व काचकागदानेही आणता येतात. म्हणून मुख्य भार अनुमानावर पडतो. जाणकार माणूस वस्तूचा दर्शनी भाग सोडून तिची पाठ, तळ आणि कप्प्यांच्या आतल्या बाजू पाहतो, कारण कारागिराने जेथे दिखाव्याची पर्वा केली नाही तेथेच त्याच्या हत्यारांची खूण उरते. हातकरवतीच्या रेषा सरळ पण असमान असतात, तर यंत्राच्या गोल पात्याने कापलेल्या फळीवर कमानदार ओरखडे उमटतात. हाताने मारलेल्या रंध्याच्या जागी बोटांना मंद लाटा जाणवतात. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि निमुळता असतो. तारेपासून बनणारे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरले, आणि अणकुचीदार टोकाचे, यंत्रावर बनलेले स्क्रू त्याच शतकाच्या मध्यापासून प्रचारात आले. शिवाय लाकूड आकसते ते तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाही, तर रुंदीत, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गोल घडवलेले मेजाचे फळे आज मोजले तर किंचित लंबगोल भरतात. ही खूण नक्कल करणाऱ्यास सहज साधत नाही आणि म्हणून ती अधिक भरवशाची आहे.

भाषेचाही पुरावा येथे उपयोगी पडतो. मराठी घराची जुनी बैठक जमिनीवरची होती. पाट, चौरंग, पलंग, पेटारा, देव्हारा ही तिची लाकडी सामग्री. खुर्ची हा शब्द अरबीतून आला आणि टेबल इंग्रजीतून. कपाट हा शब्द संस्कृत असला तरी त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे आणि सामान ठेवण्याचे कपाट हा त्याचा नवा अर्थ होय. म्हणून एखादे उंच, आरसा जडवलेले कपाट भोसल्यांच्या अठराव्या शतकातील वैभवाचे म्हणून दाखवले जात असेल, तर हत्यारांच्या खुणा पाहण्याआधीच शंका घेण्यास जागा असते. नागपूरला १८६७ साली रेल्वे पोहोचली, त्यापूर्वीच १८६१ मध्ये मध्यप्रांताची राजधानी येथे आली होती, आणि साहेबी धाटणीच्या मेज-खुर्च्यांची मागणी या शहरात या काळापासूनच वाढली असे मानणे सयुक्तिक आहे.

यानंतर विज्ञानाची दोन साधने. साग हा उष्ण कटिबंधातील अशा मोजक्या वृक्षांपैकी आहे की ज्यांच्या खोडात दर वर्षाचे वलय स्पष्ट उमटते. उन्हाळ्यात पाने गाळून तो थांबतो, पावसाळ्याच्या सुरुवातीस मोठ्या रंध्रांचे लाकूड तयार करतो, आणि अपुऱ्या पावसाच्या वर्षी वलय अरुंद राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी मध्य भारतातील, त्यात आलापल्लीच्याही, सागाच्या वलयांवरून गतकाळातील पावसाचा अभ्यास केला आहे. विदर्भातील एखाद्या जुन्या पाटाच्या कडेला दिसणाऱ्या रेषा अशा रीतीने येथील कित्येक पावसाळ्यांची नोंद असतात, ही कल्पना मनाला स्पर्श करते. तथापि वलये सांगतात ती झाडाची वर्षे. सुतार खोडाचा बाहेरचा पांढुरका, कीड लागणारा थर तासून टाकतो आणि त्याबरोबर शेवटची वलये नाहीशी होतात. त्यामुळे उरलेल्या लाकडावरून झाड अमुक वर्षानंतर केव्हातरी तोडले एवढेच म्हणता येते. किरणोत्सारी कार्बनची पद्धत, जिच्यात सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होणाऱ्या कार्बन-१४ चे उरलेले प्रमाण मोजतात, हजारो वर्षांच्या अवशेषांसाठी समर्थ आहे. पण वातावरणातील कार्बनच्या चढउतारांमुळे साधारण १६५० ते १९५० या तीन शतकांतील नमुने तिला एकमेकांपासून नीट वेगळे काढता येत नाहीत. घरोघरच्या जुन्या लाकडी वस्तूंचा काळ नेमका हाच आहे.

परंतु समजा ही साधने अचूक झाली, तरी एक दोष उरतोच, आणि तो यंत्राचा नसून तर्काचा आहे. वाडा पाडल्यावर त्याच्या तुळया आणि खांब जुन्या सागवानाच्या व्यापाऱ्याकडे जातात, तेथे घनफुटाने विकले जातात, आणि त्यांतून नवे देव्हारे, बाक व दिवाण घडतात. त्या लाकडाला दीडशे वर्षे झालेली असतात आणि वस्तूला दीड महिना. ‘लाकूड जुने आहे, म्हणून वस्तू जुनी आहे’ या अनुमानातील हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार ठरतो, म्हणजे जे सिद्ध करायचे ते जेथे नाही तेथेही आढळणारा हेतू. जुने लाकूड जुन्या वस्तूत असते तसे नव्यातही असते, म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. बाजारात होणारी बरीच फसवणूक याच एका हेत्वाभासावर उभी आहे, आणि ती उघडकीस येणे कठीण असते, कारण विक्रेता लाकडाबद्दल खोटे बोललेला नसतो. ही फसवणूक केवळ पैशाची मानणे अपुरे आहे. तिच्यात ज्या सुताराने ते काम खरोखर केले त्याचे श्रम पुसले जातात आणि ज्याने केले नाही अशा एखाद्या मृत कारागिराच्या नावावर ते चढवले जातात. सत्याचा अपराध येथे दोन माणसांविषयी घडतो.

दुरुस्तीचा प्रश्न याहून खोल आहे. एखाद्या झोपाळ्याच्या कड्या एका पिढीने बदलल्या, फळी दुसरीने, पाठीची कोरीव जाळी तिसरीने; तर घरात ज्याला पणजोबांचा झोपाळा म्हणतात तो कोणता? ग्रीकांच्या परंपरेत थिसियसच्या जहाजाच्या रूपाने हाच प्रश्न आला, पण भारतीय दर्शनांनी त्यावर अधिक चिकाटीने विचार केला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेली पूर्ण वस्तू, ही आपल्या भागांहून वेगळी व खरी असते आणि समवाय नावाच्या अतूट संबंधाने ती भागांत राहते. पण म्हणूनच एक भाग गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांत नवा उत्पन्न होतो, मग ‘हाच तो’ ही ओळख केवळ सारखेपणावर टेकलेली असते. हे मत तर्कशुद्ध आहे, पण झोपाळ्याचा एक खिळा बदलताच पणजोबांचा झोपाळा संपला असे ते सांगते, आणि कोणत्याही घराचा अनुभव त्याला साक्ष देत नाही.

बौद्धांचे उत्तर दुसऱ्या टोकाचे आहे. मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला, म्हणजे मिनँडर या यवन राजाला, रथाचे उदाहरण देऊन दाखवतो की चाक, आस, जू यांपैकी कोणताही भाग रथ नाही, सगळे भाग एकत्र केल्याने रथ असे वेगळे तत्त्व सापडत नाही आणि त्यांच्या बाहेरही ते नाही. रथ ही भागांच्या आधाराने केलेली प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरते ठेवलेले नाव आहे. हाच विचार नागार्जुनाने शून्यतेच्या सिद्धांतात परमावधीस नेला. नागार्जुनाला परंपरा विदर्भाशी जोडते आणि नागपूरजवळच्या रामटेक येथील एक टेकडी त्याच्या नावाने ओळखली जाते. तेव्हा नागपूरच्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. शून्यतेचा अर्थ वस्तू नाही असा होत नाही. ती स्वतःच्या बळावर, इतर कशावरही अवलंबून न राहता, उभी नाही असा होतो. झोपाळा झाडावर, सुतारावर, कड्यांवर, तुळईवर आणि त्यावर बसणाऱ्यांनी त्याला दिलेल्या नावावर अवलंबून आहे. या दृष्टीने पाहिले तर ‘याचे खरे वय काय’ हा प्रश्नच दुरुस्त करावा लागतो: झाडाचे वय, लाकूड कापल्याचे वय, घडवल्याचे वय, शेवटच्या दुरुस्तीचे वय आणि नावाचे वय ही सगळी खरी आहेत आणि त्यांपैकी एकच खरे मानणे हा आग्रह आहे. प्रामाणिक वर्णनात ती सर्व वेगवेगळी नोंदवली जावीत. पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर या विचाराला एका जिवंत विधीची साक्ष देते. तेथे १९९६ आणि २०१५ साली देवाचे काष्ठशरीर संपूर्ण नवे झाले, जुने भूमीत ठेवले गेले, आणि भक्ताच्या लेखी देव तोच राहिला.

मोलाच्या संदर्भात मात्र सर्वांत उपयुक्त दृष्टान्त जैन परंपरेत आहे. समंतभद्राने आप्तमीमांसेत सोन्याचा घट मोडून मुकुट घडवल्याचा प्रसंग कल्पिला आहे. घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो, आणि केवळ सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो, कारण त्याचे काही गेले नाही आणि काही आलेही नाही. द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे अवस्था बदलतात, आणि तिघांच्या भावना तिन्ही खऱ्या आहेत. वाड्याची तुळई कापून देव्हारा घडवला जातो तेव्हा हेच तिघे उपस्थित असतात: वाडा गमावलेला वारस, देव्हारा घेणारे नवे घर आणि घनफुटाने मोजणारा व्यापारी. बाजार आपल्या दृष्टीलाच तटस्थ समजतो, परंतु समंतभद्राच्या दृष्टान्तात मध्यस्थ असणारा मनुष्य हा तिघांपैकी एक आहे, न्यायाधीश नव्हे.

कायद्याने मोलाला वयाशी बांधले आहे. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि पुरावस्तू खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षणासाठी कोठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून ही तरतूद आवश्यक आहे. परंतु ९९ व्या वर्षी खुर्ची असलेली वस्तू पुढच्या वर्षी पुरावस्तू होते, तेव्हा तिच्यात काहीही बदललेले नसते, हेही खरे.

याच्या उलट, काही वस्तूंचे मोल वयाची वाट पाहत नाही. बौद्ध परंपरा पूजनीय अवशेषांत शारीरिक अवशेषांखेरीज पारिभोगिक असा वर्ग मानते; ज्या वस्तूंचा पूजनीय व्यक्तीने उपभोग घेतला, वापर केला, त्या पारिभोगिक होत. नागपूरजवळच्या चिचोली येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र यांसारख्या नित्य वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. त्यांतील कोणतीही वस्तू प्राचीन नाही, तशा घडणीच्या वस्तू त्या काळी असंख्य होत्या, आणि तरीही तेथे येणारा मनुष्य ज्या भावनेने त्यांच्यासमोर उभा राहतो तिला बाजारभावाची कोणतीही श्रेणी लागू पडत नाही. महानुभाव पंथानेही विदर्भात हीच जाणीव वेगळ्या शब्दांत जपली आहे. श्रीचक्रधरांचा व इतर अवतारांचा ज्या स्थानाला, ज्या पाषाणाला संबंध घडला ते नमस्कारास योग्य, आणि असा संबंध घडला होता की नाही हे काटेकोरपणे सांगण्यासाठी स्थानपोथीसारखी रचना झाली. येथे ‘संबंध’ हा पारिभाषिक शब्द आहे आणि मोलाच्या चर्चेत तो मध्यवर्ती मानावा असा आहे. संबंध वस्तूत दिसत नाही, तो भिंगाखाली किंवा प्रयोगशाळेत सापडत नाही. तो सांगणाऱ्यांच्या आणि लिहून ठेवणाऱ्यांच्या साखळीत टिकतो, म्हणजे तो शब्दप्रमाणाचा विषय आहे. साखळी तुटली की वस्तू राहते आणि संबंध जातो.

नागपूरच्या इतिहासात ही साखळी तुटल्याचा प्रसंग घडलेला आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले औरस पुत्राविना वारले, लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि त्यापाठोपाठ राजघराण्याची चीजवस्तू विक्रीस काढण्यात आली. सीताबर्डीवर हत्ती, घोडे आणि बैल कवडीमोलाने लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. इंग्रज इतिहासकार जॉन विल्यम के याने नोंदवले आहे की दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई यांनी राजवाड्यातील सामान हलवाल तर राजवाडाच पेटवून देईन, अशी धमकी दिली. सामान तरीही हलवले गेले.

बाकाबाईंच्या या शब्दांकडे संतापाचा उद्गार म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यांत मोलाविषयीचा एक पूर्ण विचार आहे. राजवाड्यातील सामान म्हणजे काही मेज-खुर्च्या नव्हेत. ज्या दरबारात सत्तेच्या आसनाचे नावच गादी होते, तेथील सामानाचे मोल लाकडाच्या किंवा कापडाच्या प्रतीत नव्हते. कोण कोठे बसले, कोणापुढे उठून उभे राहिले, कोणत्या देवापुढे कोणता चौरंग मांडला गेला, या संबंधांत ते होते. लिलाव करणारा वस्तूला सुटी करतो, कारण सुटी केल्याखेरीज तिला किंमत लावता येत नाही, आणि सुटी करणे म्हणजेच तिचे मोल नाहीसे करणे, हे त्या वृद्ध स्त्रीने अचूक ओळखले होते. जळालेली वस्तू निदान कोणाची होती हे सांगता येते. विकून विखुरलेल्या वस्तूबद्दल तेही सांगता येत नाही.

या भूमिकेवर एक बळकट आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. काळ्या दगडात बांधलेला, लाकडी कोरीव कामाने सजलेला तो राजवाडा पुढे १८६४ साली आगीत खरोखरच भस्मसात झाला व त्याचे मोठे प्रवेशद्वार तेवढे राहिले. म्हणजे सामान तेथेच असते तर त्यावेळी राख झाले असते, आणि जे दहा वर्षांपूर्वी बाहेर गेले त्यातलेच काही आज कोठे उरले असण्याचा संभव आहे. द्रव्याच्या दृष्टीने लिलावाने वाचवले, असे म्हणावे लागते. पण समंतभद्राच्या तिघांपैकी हे सोने हवे असणाऱ्याचे समाधान आहे. घट हवा असणाऱ्याचे दुःख त्याने खोटे ठरत नाही, आणि या दोन दृष्टींपैकी ज्या वेळी एकीच्या हाती सत्ता आणि दुसरीच्या हाती केवळ धमकी असते, त्या वेळी दुसरीची बाजू नोंदवून ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपये खर्चून परत मिळवली. ती ओळखता आली याचे कारण तिच्या पात्यावर सोन्याने देवनागरीत त्यांचे नाव कोरलेले आहे. पोलाद नाव धरून ठेवते. लाकडी सामानावर धन्याचे नाव कोरण्याची रीत सहसा नव्हती, कारण ते ज्या घरात असे ते घरच त्याचे नाव होते. सीताबर्डीच्या त्या दिवसांत नागपूरबाहेर गेलेली एखादी संदूक किंवा एखादा चौरंग आज कोणाच्या दिवाणखान्यात असेल, तर त्याच्या सांध्यांवरून, खिळ्यांवरून आणि सागाच्या वलयांवरून त्याचे वय बऱ्यापैकी सांगता येईल, आणि त्या वयावर त्याला चांगली किंमतही येईल. बाकाबाईंनी ज्यासाठी राजवाडा पेटवण्याची तयारी दाखवली ती गोष्ट मात्र त्या विक्रीच्या कागदात कोठेही नसेल.